पंचवीस तारखेचा बार

२० मार्च १९९३, शनिवार

आज पोलीस ठाण्यातल्या जमादारसाहेबांनी मला एक कोरी वही दिली. ती बूथवर राहील. तिच्यात काय लिहायचे ते त्यांनी सांगितले आहे. जे तिच्यात लिहायचे नाही ते इथे, घरच्या वहीत लिहायचे असे मी ठरवले.

छावणीच्या बाजारात अनंतकाकांचा एसटीडी बूथ मी दोन वर्षांपासून सांभाळतो. केबिनचे दार लावले की आत उकडते, म्हणून सगळे ते उघडेच ठेवतात आणि ट्रंककॉलच्या काळातल्यासारखे ओरडून बोलतात. ऐकू न येण्याची सोयच नाही.

जमादारसाहेबांचे नाव पुंजाराम. ते स्टुलावर बसले आणि म्हणाले, “मुंबईला, बाहेरगावी कोण काय बोलतं, ते लिहून ठेवायचं. आठवड्याला मी येऊन वही बघतो.”

मी विचारले, “संशयास्पद तेवढंच लिहू का?”

“तुला काय संशय कळतो? तुला काय वाटतं ते लिहायचंच नाय. वाटणं आमच्याकडं. तू ऐकलं तसं लिही. अक्षर चांगलं हाय तुझं, कडूबा.”

त्यांच्या भाच्याचा पाय मुंबईत गुडघ्यापासून गेला आहे. बँकेत भरणा करायला गेला होता. हे सांगताना ते माझ्याकडे पाहत नव्हते, मीटरकडे पाहत होते.

मी लगेच हो म्हणालो, त्याचे कारण लिहून ठेवतो. बारा तारखेला मुंबईत स्फोट झाले, तेव्हा बूथपासून शेजारच्या किराणा दुकानाच्याही पुढे रांग होती. एका बाईसाठी मी एकच नंबर एकेचाळीस वेळा लावला. बेल वाजत होती, कोणी उचलत नव्हते. शेवटी तिनेच माझा हात बटणांवरून बाजूला केला आणि निघून गेली. तिच्या मुलाचे काय झाले, मला कळले नाही.

वहीवर रकाने आखले. तारीख, वेळ, नंबर, नाव, मजकूर. पाच.

२७ मार्च, शनिवार

आठवडा पुरा झाला. तेहेतीस नोंदी. पाडवा आणि ईद एकाच आठवड्यात आल्याने गर्दी होती.

छावणीतला एक जवान बायकोशी बोलताना रडला. मी तेही लिहिले. लिहिल्यावर लाज वाटली, पण पान फाडता येत नाही. पानांना नंबर मीच घातले आहेत.

लोक बोलतात तसे लिहिले तर वही अशुद्ध दिसेल. ‘हाय’, ‘नाय’, ‘मानसं’ असे शब्द सरकारी कागदात शोभत नाहीत. म्हणून अर्थ न बदलता शुद्ध करून लिहितो. दहावीत मी गणितात गेलो, मराठीत नाही. रद्दीतून घेतलेला शब्दकोश बूथवर ठेवला आहे.

२ एप्रिल, शुक्रवार

आज एका नोंदीमुळे अस्वस्थ आहे.

दुपारी तीन दहाला एक माणूस आला. कुर्ल्याचा नंबर. “मी सांडू बोलतोय,” म्हणाला. मग बराच हसला. मग जे बोलला ते मी असे लिहिले: ‘पंचवीस तारखेला छावणीतच बार उडवायचा आहे. माणसे तू तिकडून घेऊन ये. सामान माझ्याकडे आहे.’

मला वाटले, लग्नाचे असेल. आमच्या बिडकीनला कोणाचेही लग्न निघाले की ‘बार उडवू’ असेच म्हणतात. पण वाटणे लिहायचे नाही असे सांगितलेले आहे. कोशात पाहिले. ‘बार’ या शब्दाचा पहिला अर्थ बंदुकीत किंवा सुरुंगात भरलेली दारू, दुसरा अर्थ तिचा आवाज. लग्न नाही.

तिसरा अर्थ मी स्वतःच समासात लिहावा का, असा विचार केला. लिहिला नाही. समास रिकामा ठेवायचा असतो.

३ एप्रिल, शनिवार

जमादारसाहेबांनी वही चाळली आणि त्या नोंदीवर थांबले. “सांडू. आडनाव?”

“त्यानं सांगितलं नाही.”

“सांडू आमच्यातबी असतो, त्यांच्यातबी असतो.” मग स्वतःशीच म्हणाले, “लग्नाचा असल.” तरी वही काखेत घेतली. मागच्या शनिवारी त्यांनी ती वाचून परत ठेवली होती.

मुंबईहून एक साहेब आलेले आहेत. त्यांना मराठी वाचता येते, पण ते इकडचे नाहीत.

७ एप्रिल, बुधवार

सकाळी स्टोव्हवाल्या चाचांना पोलिसांनी गाडीत घातले. बूथच्या समोर तिसरे दुकान. मी लहान असताना बाबांबरोबर बाजाराला यायचो तेव्हापासून ते तिथे बसतात, स्टोव्हला पिन मारतात, वॉशर बदलतात. सगळे त्यांना पिनवाले चाचा म्हणतात. रॉकेलचा डबा, तांब्याच्या नळ्या आणि पितळी बर्नर पोत्यात भरून नेले.

बाजारात कोणी मोठ्याने बोलले नाही. शेजारचा किराणावाला म्हणाला, “रॉकेल काळ्या बाजारातनं घेत असंल.” ते पटण्यासारखे आहे.

९ एप्रिल, शुक्रवार

आज सुटल्यासारखे वाटले. तो सांडू सापडला.

जमादारसाहेब त्याच्या जबाबाचा कच्चा मसुदा घेऊन आले. “उद्या मोठ्या साहेबांपुढं होणार हाय हे. आमचा रायटर रजेवर. शुद्धलेखन बघून दे.” नाव होते शेख सांडू शेख बाबू. म्हणजे त्यांच्यातला निघाला.

तीन चुका काढल्या. ‘स्वखुषीने’ नव्हे, ‘स्वखुशीने’. ‘कबुल’ नव्हे, ‘कबूल’. आणि ‘कोणत्याही दबाबाखाली नाही’ असे लिहिले होते, तिथे ‘दबावाखाली’ केले. जमादारसाहेब म्हणाले, “जबाब लिहू लिहू हाताला तेच वळण पडलं.”

मधल्या परिच्छेदात माझे वाक्य जसेच्या तसे होते. ‘पंचवीस तारखेला छावणीतच बार उडवायचा आहे.’ त्यात एकही चूक नव्हती.

म्हणजे कोशच बरोबर होता. मी लग्न समजत होतो.

१० एप्रिल, शनिवार

आजचे क्रमाने लिहितो.

दुपारी चाचांची बायको बूथवर आली. हमीदाबी. जालन्याला भावाला फोन लावायचा होता. केबिनमध्ये जाऊन म्हणाली, “भाई, सांडूमियाँ को ले गए. टाडा बोलते.”

मी बाहेर उभा होतो. चाचांचे नाव सांडू आहे हे मला माहीत नव्हते. कोणालाच माहीत नसावे. पण दोन तारखेला जो बोलला तो माणूस चाचा नव्हता. तो तिशी-चाळिशीचा होता, त्याच्या सदऱ्यावर आणि भुवयांवर दगडाची पांढरी भुकटी होती. मी त्याला पाहिले आहे, त्याचे सुटे पैसे परत दिले आहेत. वहीत चेहऱ्यासाठी रकाना नव्हता.

आणि ते वाक्य. तो माणूस ‘उडवायचा हाय’ म्हणाला होता. ‘आहे’ माझा आहे. ‘माणसे’ माझी आहेत. चाचा मराठी बोलतात ते असे: “कडूबा, वॉशर खलास हो गया, नवा टाकावं लागते.” त्यांच्या तोंडून ‘माणसे तू तिकडून घेऊन ये’ निघेल कसे? त्यांना सहीसुद्धा येत नाही. मसुद्याच्या तळाशी ‘अंगठा’ असे लिहून गोल काढलेला होता.

गोल रिकामा होता. कालपर्यंत रिकामा होता. मी पाहिला आणि शुद्धलेखन तपासले.

हमीदाबीने विचारले, “कितने हुए?” मी पैसे घेतले नाहीत. ती म्हणाली, “क्यों? लो ना.” मग घेतले.

१३ एप्रिल, मंगळवार

आज तो आला. सांडू.

हातात लग्नपत्रिकांचा गठ्ठा. “कडूभाऊ, तुमच्याच फोनवरनं सगळं ठरलं, तुम्हाला पयली पत्रिका. पोरीचं लगीन. चितेगावला मांडवाला पाणी पुरंना, म्हनून छावणीत हॉल घेतला. मेव्हणा कुर्ल्याहून वऱ्हाड भरून आणतोय.”

पत्रिकेवर नाव होते: सांडू कचरू वाघ, मु. चितेगाव. तारीख पंचवीस.

“तुम्ही काय काम करता?” मी विचारले.

“विहिरीचे बार उडवतो की. ट्रॅक्टर हाय, कॉम्प्रेसर हाय.” मग हसला. “एक बार भुईत, एक मांडवात.”

मी तसाच ठाण्यात गेलो. जमादारसाहेब बाहेर चहा पीत होते. फोन करणारा दुसराच होता आणि बोलणे लग्नाचे होते एवढे सांगितले, पत्रिका दाखवली नाही. ती खिशात होती.

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, “मी सिल्लोडचा हाय. बार म्हंजी काय ते मला कळत नाय व्हय? पण मुंबईच्या साहेबानं विचारलं, उद्या पंचवीसला खरंच उडाला तर तुम्ही जबाबदार का? मी काय बोलणार? भाच्याला बघून आलो व्हतो त्याच हप्त्यात.”

“पण चाचांनी तर काहीच…”

“त्यानं कबूल केलंय. अंगठा हाय.”

“ते वाक्य माझं आहे, साहेब.”

“मग तुझा अंगठा लावू का?” ते चिडून बोलले नाहीत. दमून बोलले. “टाडात जामीन नाय, कडूबा. वर गेलेला कागद खाली यायचा तर त्याच्या जागी दुसरा द्यावा लागतो. खरा सांडू कोण ते सांग. त्याला आणतो, ह्याला सोडायचं बघतो.”

सुरुंगवाला. घरात जिलेटिनच्या कांड्या असणार. लग्न बारा दिवसांवर.

मी म्हणालो, “माहीत नाही.” पोलिसांशी खोटे बोललो. पहिल्यांदा.

१६ एप्रिल, शुक्रवार

अनंतकाकांना सांगून टाकले. बूथ त्यांच्या नावावर आहे, त्यांना माहीत असायला हवे. काका सत्त्याहत्तर सालापर्यंत कचेरीत कारकून होते. मला वाटले रागावतील. ते खुर्चीतच बसून राहिले.

“अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शननंतर मिलिटरीचे एक कॅप्टन आले होते,” ते म्हणाले. “रझाकार कोण कोण, विचारत होते. मी बावीस वर्षांचा. आठ नावं दिली.”

“मग?”

“सहा बरोबर होती. त्या सहांनी माझ्या मामाचं घर आतल्या माणसांसकट पेटवलं होतं. ती सहा मी आजही देईन, कोणी विचारायला आलं तर.”

“आणि दोन?”

“ती मी ऐकलेली होती.”

“त्यांचं काय झालं?” मी विचारले. काका म्हणाले, “एक परत आला. गुलमंडीवर भेटायचा. सलाम करायचा. त्यानं मला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.”

कालिंदीकाकूंनी आतून विचारले, “कोण दोन?” काका म्हणाले, “काही नाही, बिलं.” पंचेचाळीस वर्षे संसार करून काकूंना हे माहीत नाही.

जाताना ते म्हणाले, “माझे मित्र वकील आहेत, व्यंकटराव. चिठ्ठी देतो. पण जाशील तर सगळं घेऊन जा. अर्धं घेऊन जाऊ नकोस.”

१८ एप्रिल, रविवार

सगळे घेऊन जायचे तर सांडूचे नाव द्यावे लागेल. न विचारता देणे बरे नाही, म्हणून बसने चितेगावला गेलो.

घरापुढे मांडवाची मेढ रोवलेली. सांडूची आई, आवडाबाई, हळद कांडत होती. सांडूला बाजूला नेऊन सांगितले. तो ऐकताना हातातली सुतळी बोटाला गुंडाळत होता.

“म्हातारा माझ्यामुळं आत?”

“माझ्यामुळं,” मी म्हणालो. “तुम्ही फोन केला, मी लिहिलं.”

“घरात दीडशे कांड्या हायेत. लायसन शेठच्या नावावर, माल माझ्या घरात. सगळे असंच करतात. पर आज पोलीस आले तर ऐकून घेतील का?” त्याने आईकडे पाहिले. “पंचवीस होऊ दे, भाऊ. सव्वीसला मी सोता येतो. आईची आण.”

मी हो म्हणालो. बसमध्ये हिशेब केला. माझ्या ‘हो’मुळे चाचांचे आठ दिवस वाढले. त्यांना विचारले नव्हते.

२५ एप्रिल, रविवार

लग्नाला गेलो. न जाणे संशयास्पद दिसले असते. कोणाला, ते मला सांगता येत नाही.

हॉलच्या बाहेर पोलिसांची गाडी उभी होती. आजचीच तारीख ना. जमादारसाहेब गाडीत पुढे बसले होते. अक्षता पडल्या आणि कोणीतरी लवंगी माळ लावली. क्षणभर बँडवालेसुद्धा थांबले. गाडीचे दार उघडले, जमादारसाहेबांचा एक पाय खाली आला. मग वऱ्हाडात कोणीतरी हसले, बँड पुन्हा सुरू झाला, पाय वर गेला.

त्यांनी मला पाहिले. मग नवरीच्या बापाकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. मग ड्रायव्हरला काहीतरी सांगितले आणि गाडी गेली. त्यांना कळले असे मला वाटते. वाटणेच आहे.

२८ एप्रिल, बुधवार

सव्वीसला तो आला नाही. सत्तावीसलाही नाही. आज चितेगावला गेलो. घराला कुलूप नव्हते, आवडाबाई एकटी बसली होती. ट्रॅक्टर नव्हता.

“परभणीकडं गेलाय. विहिरी हायेत तिकडं.”

“कधी येणार?”

“तू त्याच्याकडनं आण घेतली व्हय रे माझी?” ती म्हणाली. “मग मी कवा मरती ते बघत बसा दोघं.” पण चहा केला. तो मी प्यालो.

२९ एप्रिल, गुरुवार

व्यंकटराव वकिलांकडे वही नेली. हीच, घरची. बूथची वही पोलिसांकडे आहे. त्यांनी नऊ तारखेचे पान तीनदा वाचले. “अंगठ्याआधी मसुदा आला. तुझ्याकडे. शुद्धलेखनाला,” ते म्हणाले. “हे तुझ्या हातचं आहे, त्याच दिवशी लिहिलेलं?”

“हो.”

“प्रतिज्ञापत्र करशील? तुला त्रास होईल. बूथ बंद पडेल. तुझ्यावरही काही लावू शकतात.”

“करतो.”

“त्या दुसऱ्याचं नाव घालायचं का? नाव नसेल तर कोर्ट म्हणेल, हा माणूस तू रचला आहेस. घातलंस तर तो स्फोटकांच्या कायद्यात सापडेल, टाडाही लावतील कदाचित. मी सांगणार नाही. तू ठरव.”

ठरले नाही. म्हणून हमीदाबीकडे गेलो. ठरवायचा हक्क दुसऱ्या कोणाला आहे असे वाटले नाही.

ती दुकानाच्या मागच्या खोलीत होती. मी उभ्यानेच सांगितले की चाचांना ज्या कागदावरून नेले तो मी लिहिला. तिने हातातले पातेले खाली ठेवले. मग म्हणाली, “क्या लिखे थे? पढ़ के सुनाओ.”

मला पाठ होते. म्हणून दाखवले. पहिले वाक्य संपायच्या आत ती म्हणाली, “ये तो शादी की बात है.”

मी खाली पाहिले.

“किसकी थी?”

“चितेगावच्या एकाची मुलगी.”

“हो गई?”

“हो गई.”

तिने ओढणीच्या टोकाने पातेल्यावरची माशी हाकलली. “बाईस दिन से मेरा मर्द अंदर है. उसकी बेटी की शादी हो गई, अच्छा हुआ. अब नाम दे दो.”

मी दिले. प्रतिज्ञापत्रात पूर्ण लिहिले: सांडू कचरू वाघ, मुक्काम चितेगाव. आणि कांड्या कोणाच्या लायसनवर होत्या, ते त्याने मला सांगितले तसे. त्याने विश्वासाने सांगितले होते हेही लिहावे असे वाटले, पण वकील म्हणाले, त्याला कायद्यात जागा नाही.

३ मे, सोमवार

हर्सूलच्या जेलात गेलो. भेट नातेवाइकांना आणि वकिलांनाच मिळते. व्यंकटरावांनी मला कारकून म्हणून नेले, फाइल माझ्या हातात दिली. हमीदाबी म्हणाली होती, “उनको तुम ही बोलो.”

दोन जाळ्यांच्या पलीकडे चाचा आले. चालताना डावा पाय आधी ठेवत होते आणि मग उजवा त्याच्याजवळ ओढत होते. सव्वीस दिवसांत दाढी पांढरी झाली, की आधीच पांढरी होती आणि मी पाहिले नव्हते, ते आठवले नाही.

पलीकडे-अलीकडे सगळे ओरडत होते, म्हणून मलाही ओरडावे लागले. फोन दुसऱ्याने केला होता, त्याचेही नाव सांडू, मी लिहून घेतले, ते वाक्य तुमचे नाही. असे तीन तुकड्यांत सांगितले. ते शिव्या देतील म्हणून मी फाइल छातीशी धरली होती.

ते जाळीला कान लावून ऐकत होते. मग म्हणाले, “मैं नहीं बोला था?”

“नाही.”

“मैं तो रोज याद करता था, कब बोला, किसको बोला. वो इतनी बार पढ़ के सुनाए, मेरे को लगा मैंइच कुछ बोला होगा. बुढ़ापे में याद नहीं रहता.” त्यांनी जाळीत बोटे अडकवली. “पक्का? मैं नहीं बोला?”

“पक्का,” मी म्हणालो.

मागे शिपायाने वेळ संपल्याची शिट्टी दिली. त्यांना नीट ऐकू गेले नसावे. ते वळता वळता पुन्हा विचारत होते, आणि मी पुन्हा ओरडलो.